वाटणी मागणारा माणूस आणि आपण
(बायबल अभ्यास : लूक 12:13-21)



घरभेटीला आम्ही येतो, तेव्हा जवळजवळ प्रत्येक घरात अल्तारावर बायबल दिसते. ते पाहून समाधान वाटते. मात्र हातात घेतले की कधी कधी त्याचे प्लास्टिकचे वेष्टनही निघालेले नसते. कधी पानांत मयताच्या मिस्साची कार्डे, विजेचे बिल आणि नातवाचा फोटो जपून ठेवलेला असतो. बायबलचा आपण मान राखतो, पण त्याच्याशी बोलत नाही.

दुसरी गोष्ट याहून अवघड आहे. काही जण बायबल वाचतात, पण त्यातून एखादे वचन उचलतात आणि काठीसारखे दुसऱ्यावर उगारतात. नवऱ्याला एक वचन पाठ असते, बायकोला दुसरे. थोरल्या भावाला एक आठवते, धाकट्याला दुसरे. न वाचणे हा एक दोष, आणि अर्धे वाचणे हा दुसरा. आज आपण एकच उतारा घेऊन तो पूर्ण कसा वाचावा हे पाहू. उतारा मुद्दाम असा निवडला आहे की जो आपल्या आळीतून, आपल्या घरातून जातो.

ख्रिस्तसभा काय शिकवते?

आपल्या भाषेत देवाच्या गोष्टी ऐकण्याची ओढ जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी बायबलमधील कथा मराठी ओव्यांत गुंफून ख्रिस्तपुराण रचले आणि ते 1616 मध्ये गोव्यात राशोल येथे छापले गेले. पण सर्वसामान्य कॅथलिक माणसाने स्वतः बायबल हातात घेऊन वाचावे, असा स्पष्ट आग्रह द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने धरला. 18 नोव्हेंबर 1965 रोजी परिषदेने 'देई व्हेर्बूम' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्याच्या 25 व्या परिच्छेदात संत जेरोम यांचा दाखला देऊन सांगितले आहे की ज्याला पवित्र शास्त्र माहीत नाही, त्याला ख्रिस्तच माहीत नाही.

त्याच दस्तऐवजाचा 12 वा परिच्छेद वाचनाची रीत सांगतो. देव माणसांच्या द्वारे, माणसांच्या पद्धतीने बोलला. म्हणून लेखकाला काय म्हणायचे होते, तो कोणत्या काळात व कोणत्या प्रकारे लिहीत होता, हे पाहिले पाहिजे. त्याचबरोबर सगळे शास्त्र मिळून एक आहे, हेही विसरू नये. ही शिकवण आपण तीन साध्या प्रश्नांत बसवू या :

1. कोण, कोणाशी बोलत आहे?
2. या ओळींच्या आधी आणि नंतर काय आहे?
3. बाकीचे शास्त्र या विषयावर काय सांगते?

उतारा

तीन वर्षांच्या वाचनचक्रात 'क' वर्षी, सामान्य काळाच्या 18 व्या रविवारी हे शुभवर्तमान आपण मिस्सात ऐकतो. गर्दीतला एक माणूस येशूला विनंती करतो की माझ्या भावाला माझा वाटा द्यायला सांगा. येशू वाटणी करायला नकार देतो. मला तुमच्यावर न्यायाधीश कोणी नेमले, असे तो विचारतो. मग सर्व प्रकारच्या लोभापासून सावध राहण्यास सांगून तो एका श्रीमंत शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. शेतकऱ्याला भरघोस पीक येते. तो जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे आणि मग खाऊन-पिऊन मजेत राहायचे ठरवतो. त्याच रात्री देव त्याला सांगतो की तुझा जीव मागितला जाणार आहे, मग हे सर्व कोणाचे होणार?

हा उतारा ऐकून आपण घरी जातो आणि मनात एक सोपा अर्थ करतो : वाटा मागणे म्हणजे लोभ. आणि पुढच्या वेळी बहीण आपल्या हिश्श्याचा विषय काढते, तेव्हा तिला हाच उतारा ऐकवला जातो. येशूने खरोखर असे म्हटले आहे का? आता आपले तीन प्रश्न विचारू या.

पहिला प्रश्न : कोणाशी बोलणे चालले आहे?

इथे एक बारीक गोष्ट आहे. 14 व्या ओवीत येशू त्या माणसाला उत्तर देतो. पण लोभाविषयीची सूचना 15 व्या ओवीत आहे, आणि ती देताना लूक सांगतो की येशू 'त्यांना' म्हणाला. एकाला नाही, सर्वांना. त्या गर्दीत कदाचित तो भाऊही उभा असेल, ज्याने वाटा दाबून ठेवला होता. म्हणजे सूचना मागणाऱ्याला आहे तशीच न देणाऱ्यालाही आहे. त्या माणसाची मागणी खोटी होती, असे येशू कुठेच म्हणत नाही. त्याने फक्त वकील किंवा तलाठी होण्याचे नाकारले, कारण त्याला त्या दोघांच्या हृदयापर्यंत पोहोचायचे होते.

ज्याच्या ताब्यात जमीन आहे, त्याला लोभाचे पाप सहसा दिसत नाही. त्याला फक्त मागणाऱ्याचा हात दिसतो, स्वतःची मूठ दिसत नाही. म्हणून हा उतारा वाचताना आधी स्वतःची मूठ पाहावी.

दुसरा प्रश्न : आधी आणि नंतर काय?

गोष्टीची सुरुवात नीट वाचा. श्रीमंत माणसाने पीक काढले, असे तिथे म्हटलेले नाही. त्याच्या जमिनीने भरपूर पीक दिले, असे म्हटले आहे. देणारी जमीन, आणि जमिनीला देणारा देव. पण तो माणूस बोलू लागतो तेव्हा माझे पीक, माझी कोठारे, माझी मालमत्ता, माझा जीव एवढेच त्याच्या तोंडी आहे. साऱ्या गोष्टीत तो फक्त स्वतःशी बोलतो. बायको नाही, मुले नाहीत, शेतात राबणारा गडी नाही, शेजारी नाही. जेवायला बसायचे ठरवतो तेही एकट्याने. देव त्याला मूर्ख म्हणतो ते पीक साठवले म्हणून नव्हे. आपल्या योजनेत त्याने देवाला आणि माणसाला जागाच ठेवली नाही, म्हणून.

आता पुढच्या ओव्या पाहा. 24 व्या ओवीत येशू कावळ्यांकडे बोट दाखवतो : त्यांना ना तळघर, ना कोठार, तरी देव त्यांना पोसतो. श्रीमंत माणसाने जी कोठारे पाडून मोठी बांधायचे ठरवले, त्यांच्यासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे, तोच इथे पुन्हा आला आहे. आणि 33 व्या ओवीत येशू वाट दाखवतो : दान करा, स्वर्गात ठेव ठेवा. म्हणजे लोभावरचा उपाय नुसता गप्प बसणे हा नाही, तर हात उघडणे हा आहे. हे वाचल्यावर हा उतारा बहिणीला गप्प करण्यासाठी कसा वापरता येईल?

तिसरा प्रश्न : बाकीचे शास्त्र काय सांगते?

गणना ग्रंथाच्या 27 व्या अध्यायात सलाफहादच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहतात. वडील वारले, भाऊ नाही, म्हणून आमच्या वडिलांचे नाव पुसून का टाकता, आम्हाला वतन द्या, अशी त्यांची मागणी. मोशे स्वतः निकाल देत नाही. तो ते प्रकरण देवापुढे नेतो. आणि देव सांगतो की या मुलींचे म्हणणे बरोबर आहे. शास्त्राने त्यांची नावेही जपून ठेवली आहेत : महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा.

इथेही अर्धे वाचू नये. त्या नियमात मुलगा नसेल तरच मुलीला वतन मिळत असे, आणि 36 व्या अध्यायात त्यावर आणखी अट आली. पण शास्त्र तिथे थांबत नाही. ईयोबाच्या ग्रंथाच्या शेवटी, 42 व्या अध्यायात, दुःखातून बाहेर आलेला ईयोब आपल्या मुलींना त्यांच्या भावांच्या बरोबरीने वतन देतो. ज्याने सर्व काही गमावले होते, त्याला देण्याचे भय राहिले नाही. आणि संत पौल गलतीकरांस पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात सांगतात की ख्रिस्तात पुरुष आणि स्त्री असा भेद नाही, सर्व जण अभिवचनाचे वारस आहेत. ज्या बहिणीला देवाने स्वर्गाच्या वतनात आपल्याइतकाच वाटा दिला, तिला वाडीचा वाटा देताना आपला हात का थरथरतो?

देशाचा कायदाही हेच सांगतो. आपल्याला लागू असलेल्या 1925 च्या भारतीय वारसा कायद्यानुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या ख्रिस्ती माणसाच्या मालमत्तेत विधवेचा एक-तृतीयांश हिस्सा बाजूला काढल्यावर उरलेले मुलगे आणि मुली यांच्यात सारखे वाटले जाते. केरळमध्ये जुन्या त्रावणकोर कायद्यामुळे ख्रिस्ती मुलींना अगदी थोडे मिळत असे. मेरी रॉय यांनी त्याविरुद्ध लढा दिला आणि 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याला जे दिसले, ते शुभवर्तमान ऐकणाऱ्यांना आधी दिसायला हवे होते.

आपल्या घरांत

वाडी होती तोवर जमीन म्हणजे पाणी लाजणे, केळी, भाजी आणि पाठदुखी होती. आता जमीन म्हणजे भाव. भाव चढला आणि भावांची मने उतरली. आम्ही मयताच्या मिस्साला वेदीपाशी उभे असतो, तेव्हा सख्खी भावंडे दोन टोकांच्या बाकांवर बसलेली आम्हाला दिसतात. शांतीचा अभिवादन-विधी येतो, सगळे शेजाऱ्याकडे वळतात, पण ती एकमेकांकडे वळत नाहीत. मग दोघेही ख्रिस्तशरीर स्वीकारायला एकाच रांगेत येतात. हे पाहून आमचे मन जड होते.

आम्हीही यातून सुटलेलो नाही. पूर्वी आमच्याकडे कोणी बहीण रडत आली, तर "जाऊ दे बाई, माहेर तुटायला नको" असे आम्ही सांगत असू. त्यात आम्हाला शांती दिसत होती. आज वाटते की आम्ही फक्त तिलाच शांतीची किंमत मोजायला सांगितली. भावाच्या घरी मात्र गेलो नाही. कोणी मनापासून, राजीखुशीने आपला वाटा सोडला तर ते सुंदर दान आहे. पण समजावून न सांगता हक्कसोडपत्रावर घेतलेली सही हे दान नव्हे. दान देणाऱ्याच्या मनातून येते, मागणाऱ्याच्या दडपणातून नाही.

बहिणींनाही एक सांगायचे आहे. हक्क मागणे पाप नाही, पण वैर जोपासणे पाप आहे. आणि ज्या भावाने आईवडिलांना वर्षानुवर्षे सांभाळले, औषधपाणी केले, त्याच्या कष्टांचाही वाटणीच्या वेळी सर्वांनी मान राखावा. न्याय आणि माया एकत्र बसल्या तरच घर टिकते.

मत्तय 5:23-24 मध्ये येशू सांगतो की वेदीपाशी दान आणताना तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तिथेच ठेव आणि आधी समेट कर. लक्षात घ्या, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे, असे येशू विचारत नाही. त्याच्या किंवा तिच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हे तो आठवायला सांगतो. वाचन इथपर्यंत आले की ते जीवन होते.

या आठवड्यासाठी

बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या मठवासीयाने शास्त्रवाचनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : वाचन, मनन, प्रार्थना, ध्यान. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2010 मध्ये 'व्हेर्बुम डोमिनी' या पत्रात आठवण करून दिली की हे सारे कृतीत उतरल्याशिवाय पूर्ण होत नाही. म्हणून या आठवड्यात रोझरीनंतर दहा मिनिटे काढा. घरातील एकाने लूक 12:13-34 मोठ्याने वाचावे. दोन मिनिटे शांत राहा. मग पुढील प्रश्नांवर बोला. आळीतील ख्रिस्ती समूहातही हे करता येईल.

1. या उताऱ्यात आपण कोणाच्या जागी उभे आहोत : वाटा मागणाऱ्याच्या, वाटा धरून ठेवणाऱ्याच्या की कोठार बांधणाऱ्याच्या?
2. आपल्या बोलण्यात दिवसभरात 'माझे' किती वेळा येते आणि 'आपले' किती वेळा?
3. आपल्याविरुद्ध कोणाच्या मनात काही आहे का? या आठवड्यात त्याच्या दारी कोण जाणार?

जाताना एकट्याने अवघड वाटले, तर आम्हाला हाक मारा. आम्ही सोबत येऊ. वाटणी करायला येणार नाही, कारण त्याचा अधिकार प्रभूनेही घेतला नाही. पण तुमच्यामध्ये बसून हा उतारा पुन्हा एकदा, पूर्ण वाचायला नक्की येऊ.

प्रभू येशूचे वचन तुमच्या अल्तारावरून तुमच्या ओटीवर आणि ओटीवरून तुमच्या हृदयात येवो, हीच प्रार्थना.

ख्रिस्तात तुमचा,
प्रमुख धर्मगुरू