अरबी समुद्राची तापमानवाढ आणि कोकण किनारा

महाराष्ट्राच्या पश्चिमेस पसरलेला अरबी समुद्र हा राज्याच्या पावसाचा, मासळीचा व सागरी व्यापाराचा आधार आहे. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या गावांचे जीवन त्याच्या भरती-ओहोटीशी जोडलेले असून घाटावरील शेतकऱ्याच्या शिवारात पडणारा मोसमी पाऊसही याच समुद्रावरून येतो. त्यामुळे या समुद्राच्या प्रकृतीत होणारा बदल हा केवळ शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचा विषय राहत नाही. ग्रामपंचायतीचा सदस्य, शाळेचा शिक्षक, तालुक्याचा अधिकारी या सर्वांच्या दैनंदिन कामाशी त्याचा निकटचा संबंध येतो. हा बदल नेमका काय आहे, तो कशामुळे होत आहे आणि गावपातळीवर त्यास कसे तोंड देता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समुद्राची विशेष घडण

अरबी समुद्राची घडण इतर समुद्रांहून काहीशी निराळी आहे. अटलांटिक व पॅसिफिक महासागर उत्तरेकडे दूरवर, थंड प्रदेशापर्यंत पसरलेले आहेत. अरबी समुद्र मात्र उत्तरेस आशिया खंडाच्या भूभागाने अडविलेला आहे. तापलेल्या पाण्यातील उष्णता उत्तरेकडे वाहून नेण्याची वाट येथे नाही. दुसरे वैशिष्ट्य असे की, येथील वारे वर्षातून दोनदा आपली दिशा पालटतात. पावसाळ्यात नैर्ऋत्येकडून जोराने वाहणारे वारे सोमालिया, ओमान व काही प्रमाणात केरळच्या किनाऱ्यालगतचे वरचे पाणी दूर लोटतात आणि त्या जागी खोलवरचे थंड पाणी वर येते. या पाण्यात पोषक द्रव्ये विपुल असतात. त्यावर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यावर लहान मासे आणि लहान माशांवर मोठे मासे पोसले जातात. आपल्या ताटातील मासळीचे मूळ अशा रीतीने वाऱ्यात व खोल पाण्यात आहे.

पाणी का तापत आहे

कोळसा, खनिज तेल व वायू यांच्या ज्वलनामुळे वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइडचे प्रमाण वाढले आणि पृथ्वीभोवती उष्णता अडकून राहू लागली. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, १८५०-१९०० या कालखंडाच्या तुलनेत २०११-२०२० या दशकात पृथ्वीच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढलेले होते. या अतिरिक्त उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक उष्णता महासागरांनी शोषून घेतली आहे. जमिनीवर आपणांस जो उन्हाळा जाणवतो, तो या संपूर्ण हिशेबातील अगदी लहान भाग होय.

केंद्र शासनाच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये भारतीय उपखंडातील हवामान बदलाचे मूल्यमापन प्रसिद्ध केले. त्यानुसार १९५१ ते २०१५ या काळात उष्णकटिबंधीय हिंदी महासागराच्या पृष्ठभागाचे तापमान सरासरी एक अंश सेल्सिअसने वाढले. एक अंश ही वाढ ऐकण्यास किरकोळ वाटते. परंतु चक्रीवादळ निर्माण होण्यास पाण्याचे तापमान साधारणतः २६ ते २७ अंशांहून अधिक असावे लागते, हे लक्षात घेतले म्हणजे एका अंशाचे मोल कळून येते.

वादळांचे बदललेले स्वरूप

पूर्वी बंगालच्या उपसागरात चार वादळे झाली तर अरबी समुद्रात एक, असे साधारण प्रमाण मानले जाई. त्यामुळे कोकणातील घरांची बांधणी, वाड्यांची रचना आणि शासनाची यंत्रणा यांपैकी कशाचीच आखणी चक्रीवादळ गृहीत धरून झालेली नव्हती. आता हे गृहीत बदलणे भाग आहे. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसून आले. २०१९ या एकाच वर्षात या समुद्रात पाच चक्रीवादळे झाली. त्यांपैकी ‘क्यार’ हे २००७ च्या ‘गोनू’नंतरचे अरबी समुद्रातील दुसरे महाचक्रीवादळ ठरले.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगरच्या परिसरात येऊन धडकले. हजारो लोकांना वेळेवर सुरक्षित स्थळी हलविल्यामुळे मोठी जीवितहानी टळली. तथापि घरांवरील कौले व पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले आणि नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. श्रीवर्धनी रोठा सुपारीची पोफळ लावल्यापासून भरघोस उत्पन्न देईपर्यंत कित्येक वर्षे जातात. म्हणजे एका दुपारच्या वाऱ्याने एका कुटुंबाची अनेक वर्षांची मिळकत नाहीशी झाली. त्यानंतर वर्षाच्या आत, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ हे वादळ कोकण किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातेत जमिनीवर आले. ते कोकणात उतरले नाही, तरीही आंबा बागांचे व नौकांचे मोठे नुकसान करून गेले.

पावसाचे बदललेले वर्तन

हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते. उष्ण समुद्रावरून येणारे वारे अधिक बाष्प घेऊन येतात आणि अनुकूल परिस्थिती मिळताच ते थोड्या वेळात रिते करतात. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचे चढउतार असल्याचे संशोधनात आढळले आहे. एकूण मोसमी पाऊस न वाढताही हे घडू शकते. पावसाचे दिवस कमी होतात व उरलेल्या दिवसांत तो कोसळतो.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. जुलै २०२१ मध्ये चिपळूण व महाड ही शहरे पुराच्या पाण्याखाली गेली आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून मोठी प्राणहानी झाली. प्रत्येक आपत्तीचे खापर केवळ हवामान बदलावर फोडणे शास्त्रास धरून होणार नाही. नदीपात्रात साचलेला गाळ, पूररेषेतील बांधकामे, डोंगरउतारांची तोड ही कारणेही तितकीच खरी आहेत. परंतु ज्या उणिवा पूर्वीच्या पावसात खपून जात, त्या आताच्या पावसात जीवघेण्या ठरतात, एवढे निश्चित.

मासळीचे स्थलांतर

समुद्राचा वरचा थर तापला की तो हलका होऊन वरच राहतो आणि खालचे पोषक पाणी त्यात सहजासहजी मिसळत नाही. पश्चिम हिंदी महासागरातील सूक्ष्म वनस्पतींचे प्रमाण गेल्या सहा दशकांत वीस टक्क्यांपर्यंत घटल्याचा निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडण्यात आला आहे. अरबी समुद्रात सुमारे दोनशे ते हजार मीटर खोलीवर प्राणवायूची कमतरता असलेला मोठा पट्टा मुळातच आहे. उष्ण पाण्यात प्राणवायू कमी विरघळत असल्याने त्या पट्ट्याविषयीची चिंता वाढली आहे.

माशांना आपले पाणी बदलता येते. केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्याशी प्रामुख्याने निगडित असलेली तारली अधिक उत्तरेकडील पाण्यातही मिळू लागल्याचे आणि बांगड्याचा वावर उत्तरेकडे व अधिक खोल पाण्यात वाढल्याचे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसून आले. मच्छीमाराला मात्र आपले गाव, आपले जाळे व आपली नौका इतक्या सहजपणे बदलता येत नाही. बोंबील व जवळा यांसाठी डोल जाळे लावणाऱ्या लहान मच्छीमाराचे क्षेत्र ठरलेले असते. त्यात मासळी आली नाही तर डिझेलचा खर्च सोसून दूर जाण्याची ऐपत त्याच्याकडे नसते.

येथेही एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. मासळीच्या दुष्काळाचे सर्व कारण समुद्राच्या तापमानात शोधले, तर पिल्लांची पकड, बारीक आसाचे जाळे आणि प्रदूषित खाड्या यांकडे दुर्लक्ष होईल. तापलेल्या समुद्रात माशांचे पुनरुत्पादन आधीच अडचणीत असताना लहान पापलेट पकडणे म्हणजे बियाणे भाजून खाण्यासारखे आहे. राज्य शासनाने २०२३ मध्ये चंदेरी पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला, त्यामागील आशय हाच आहे.

खारजमीन आणि कांदळवन

उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दरवर्षी सरासरी ३.३ मिलिमीटरने वाढली. तीस वर्षांत ही वाढ सुमारे दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम निम्मी वीत होते. पण खाडीकाठच्या बांधाची उंची सर्वात मोठ्या उधाणाच्या भरतीवरून ठरविलेली असते आणि तिच्यावर सोडलेली जादा उंची फार नसते. ती निम्मी वीत याच राखीव उंचीतून वजा होते. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, जोराचा वारा आणि अतिवृष्टीने फुगलेली नदी ही तिन्ही एकाच वेळी आली की पाणी बांधावरून जाते. या शतकाच्या अखेरपर्यंत जगातील समुद्रपातळी, उत्सर्जन फार कमी केल्यास सुमारे ०.२८ ते ०.५५ मीटर आणि ते फार वाढल्यास ०.६३ ते १.०१ मीटर वाढेल, असा अंदाज आहे.

रायगडच्या खारेपाटातील शेतकऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. बांधाला खांड पडून भातखाचरांत खारे पाणी शिरले की ते शेत पुढील काही हंगाम नापीक होते. खांड वेळीच बुजविली नाही, तर भरतीबरोबर येणाऱ्या बिया रुजून त्या शेतात कांदळवन उभे राहते. कांदळवनास कायद्याचे संरक्षण असल्याने ती जमीन पुन्हा भातशेतीखाली आणणे दुष्कर होते. त्यामुळे शेतकरी कांदळवनाकडे शत्रू म्हणून पाहू लागतो. वस्तुतः बांधाच्या समुद्राकडील बाजूस असलेले कांदळवन लाटांचा जोर मोडते, गाळ धरून ठेवते आणि मासळीच्या पिल्लांना आसरा देते. कांदळवन नसलेल्या उघड्या बांधावर लाटांचा मारा थेट बसतो. म्हणून हा प्रश्न भात की कांदळवन, असा नाही. बांधाच्या बाहेर कांदळवन व आत भात, ही रेषा टिकविण्याचा आहे आणि ती रेषा केवळ बांधाच्या वेळेवर केलेल्या दुरुस्तीनेच टिकते.

महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. २०२१ च्या वनसर्वेक्षण अहवालात राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदले आहे. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सहन करणारे ‘पनवेल’ मालिकेतील भाताचे वाण उपलब्ध करून दिले आहेत.

गावपातळीवर काय करता येईल

वातावरणातील कार्बन कमी करणे हे साऱ्या जगाचे काम आहे. परंतु होणाऱ्या हानीचे प्रमाण पुष्कळ अंशी गावाच्या पूर्वतयारीवर अवलंबून असते. किनाऱ्यावरील पंचायतींनी पुढील कामे प्राधान्याने हाती घ्यावीत.

प्रत्येक वर्षी पावसाळ्यापूर्वी बांध, उघाड्या व नाले यांची ग्रामस्थांसह पाहणी करून कमकुवत जागांची लेखी नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी व ती खारभूमी विभागास कळवावी. शासकीय योजनेतील बांध कोणते व खाजगी कोणते, हे आधीच स्पष्ट असल्यास खांड पडल्यावर जबाबदारी शोधण्यात हंगाम वाया जात नाही.

वादळाच्या वेळी कोणत्या घरातील कोणास, कोणत्या इमारतीत व कोणी न्यावयाचे, याची यादी तयार असावी. वृद्ध, अपंग व गरोदर स्त्रिया यांची नावे तीत प्रथम असावीत. आसऱ्यासाठी निवडलेल्या शाळेचे छप्पर वादळात टिकणारे आहे किंवा नाही, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून लाटांचे व संभाव्य मत्स्यक्षेत्रांचे अंदाज प्रसृत होतात. ते मच्छीमार संस्थेच्या फलकावर नित्य लिहिले जावेत. धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची मागणी करताना शेजारच्या गावाच्या किनाऱ्यावर होणारा परिणामही विचारात घ्यावा. एका ठिकाणची भिंत बरेचदा दुसऱ्या ठिकाणची धूप वाढविते.

शिक्षकांचे कार्य याहून कमी महत्त्वाचे नाही. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून विद्यार्थ्यांकडून रोजची नोंद ठेवता येईल. उधाणाचे पाणी कोठवर आले याची खूण दरवर्षी एकाच ठिकाणी करता येईल. आंब्याला मोहोर केव्हा आला, कोणती मासळी कोणत्या महिन्यात मिळाली, हे वयोवृद्धांना विचारून लिहून ठेवता येईल. अशी नोंद दहा-वीस वर्षे सातत्याने राहिली, तर ती त्या गावाच्या नियोजनाचा पाया ठरेल. जैवविविधता कायद्याखालील लोकजैवविविधता नोंदवहीत तिला हक्काचे स्थानही आहे.

समुद्राशी जुळवून घेण्याची परंपरा कोकणास नवी नाही. खाडीचा चिखल रचून बांध घालणारे शेतकरी आणि नारळी पौर्णिमेपर्यंत नौका किनाऱ्यावर ठेवणारे कोळी बांधव यांनी समुद्राची मर्यादा ओळखूनच आपले जीवन बसविले होते. आता ती मर्यादाच सरकत आहे. तिची नवी रेषा कोठे आहे, हे पाहून बांध, घरे, जाळी व पिके यांची फेरआखणी करणे हे या पिढीचे कर्तव्य होय. येत्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर बांधांची पाहणी हा एक विषय जरी आला, तरी या कार्याचा प्रारंभ झाला असे म्हणता येईल.