पोलिसांवर नागरिकांचा अंकुश : एक अभ्यास

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात ११ जुलै १९९७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतप्त जमावावर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. दहा जणांचे बळी गेले. टँकर पेटविला जाण्याचा धोका होता, असा पोलिसांचा बचाव होता. न्या. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. २००९ साली सत्र न्यायालयाने संबंधित उपनिरीक्षकास जन्मठेप सुनावली. त्यावर उच्च न्यायालयात अपील झाले. पहिल्या निकालालाच जवळजवळ बारा वर्षे लागली.

यातून आम्ही काय शिकावे? आयोग नेमणे शासनाच्या हाती असते, तेही मोठा आक्रोश झाल्यावर. कोठडीत मार खाणाऱ्या एकट्या तरुणासाठी कोण आयोग नेमणार? पोलिसांची चौकशी पोलिसांनीच केली, तर विश्वास कसा बसावा?

म्हणून सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ रोजी स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने २०१४ साली पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य व विभागीय प्राधिकरणांची तरतूद केली. कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बेकायदा अटक, खंडणी अशा तक्रारी पीडित किंवा त्याचे कुटुंबीय तेथे करू शकतात. मात्र अहवाल शासनाकडेच जातो. म्हणून पाठपुरावा आपणच करावयाचा.

विद्यार्थी मित्रहो, वस्तीतील अडाणी माणसाला तक्रार लिहून द्या. तारीख, वेळ, पोलीस ठाणे नमूद करा. जखमांची सरकारी रुग्णालयात नोंद करवून घ्या. अर्जाची पोच जपून ठेवा. कागदाविना सत्यही दुबळे ठरते.