'स्पीअर' आणि 'पुसणे'

इंग्रजी शब्दकोश चाळताना काही शब्दांपुढे 'आर्केइक' अशी खूण आढळते. तिचा अर्थ 'मृत' असा पुष्कळदा केला जातो. तो बरोबर नाही. जो शब्द प्रचलित लेखनातून उठून गेला, परंतु जुन्या ग्रंथांतून अथवा एखाद्या बोलीतून ओळखू येतो, तो आर्ष होय. जो कोठेच वापरात उरला नाही, त्यास कोशकार 'ऑब्सलीट' म्हणतात. हा भेद शिक्षकाने ध्यानी ठेवण्याजोगा आहे. कारण त्याचे काम इंग्रजीच्या तासापेक्षा मराठीच्या तासाला अधिक पडते. उदाहरणादाखल एक इंग्रजी क्रियापद घेऊ.

भाला या अर्थाचा 'स्पीअर' हा शब्द आपणांस परिचित आहेच. उच्चार तोच, परंतु एस, पी, ई, आय, आर अशा अक्षरांनी लिहिले जाणारे दुसरे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ विचारणे, चौकशी करणे. भाल्याशी त्याचा काडीचाही संबंध नाही. प्राचीन इंग्रजीतील ज्या क्रियापदापासून ते आले, त्याचा मूळ अर्थ माग काढणे असा होता. जनावराच्या पावलांच्या मागाला इंग्रजीत 'स्पूर' म्हणतात, तो शब्दही याच कुळातला. तानसा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या मुलांना माग म्हणजे काय, हे पुस्तकातून शिकवावे लागत नाही. ओल्या मातीत उमटलेला माग पाहत पुढे जाणे आणि भेटेल त्या माणसाला वाट विचारीत जाणे, ही एकाच शोधाची दोन अंगे आहेत. म्हणून एका अर्थातून दुसरा अर्थ सहज निघाला. आपणही 'मागोवा घेणे' असे म्हणतो, तेव्हा जमिनीकडे पाहत नसतो.

प्रमाण इंग्रजीत या क्रियापदाची जागा 'आस्क'ने कधीच घेतली. स्कॉटलंडच्या बोलीत मात्र ते टिकून राहिले. सर वॉल्टर स्कॉट (१७७१–१८३२) यांच्या कादंबऱ्यांतील स्कॉटिश पात्रांच्या तोंडी ते आढळते. ज्या माणसाला विचारावयाचे, त्याच्या नावापूर्वी तेथे 'ॲट' येते. ज्याची खुशाली विचारावयाची, त्याच्या नावापूर्वी 'फॉर'. प्राथमिक शाळेतील मुलांना हे शिकविण्याचे काही कारण नाही. हा शिक्षकाच्या स्वतःच्या अभ्यासाचा भाग आहे.

आता मराठीकडे वळू. 'पुसणे' या क्रियापदाची कथा अशीच आहे. संस्कृत 'पृच्छ्', प्राकृत 'पुच्छ' आणि त्यावरून मराठी 'पुसणे', म्हणजे विचारणे. ज्ञानेश्वरी (१२९०) व तुकोबांचे अभंग यांत ते याच अर्थाने येते. पाटी पुसणे, डोळे पुसणे यांतील 'पुसणे' हे निराळे. ते 'प्रोञ्छ्' या धातूकडचे. हे दोन शब्द मुळात वेगळे, याची खूण हिंदीत स्पष्ट दिसते. तेथे एक 'पूछना' आहे आणि दुसरे 'पोंछना'. मराठीत मात्र दोन्हींचे रूप एक झाले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (प्रथमावृत्ती १८३१, द्वितीयावृत्ती १८५७) दोन्ही अर्थ दिलेले आहेत. आज शहरी लेखनात पहिला अर्थ मावळला. परंतु 'विचारपूस' या जोडशब्दात तो नित्य आपल्या समोर असतो. कोणाची विचारपूस करताना आपण फडक्याने काही पुसत नाही, एवढे वर्गात म्हटले तरी मुले हसतात आणि मुद्दा त्यांना कळतो.

प्रश्न पडतो तो वह्या तपासताना. ज्या घरी आजी-आजोबा 'वाट पुसत पुसत आलो' असे बोलतात, त्या घरातील मूल निबंधात 'मी बाईंना पुसले' असे लिहिते. त्या शब्दाखाली तांबडी रेघ ओढून 'चूक' असा शेरा दिला, तर तो शेरा खरा नव्हे. शब्द अशुद्ध नाही; आर्ष आहे. शिवाय विचारण्याचाच शब्द ज्या मुलाचा खोडला गेला, ते मूल पुढे वर्गात काही विचारण्यापूर्वी दोनदा थांबते. आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी आले. म्हणजे घरची बोली, पुस्तकी मराठी आणि इंग्रजी असे तीन ओझे एकदमच त्या चिमुकल्या डोक्यावर येते. त्यांतील पहिले ओझे नसून शिदोरी आहे, हे आपण विसरतो.

याचा अर्थ सर्व काही चालवून घ्यावे, असा मुळीच नाही. अर्जात, पत्रात, उत्तरपत्रिकेत 'विचारले' हेच आले पाहिजे, आणि ते शिकविणे हे आपले कर्तव्य आहे. मुलाच्या शब्दाला रेघ न मारता वर 'विचारले' असे लिहावे व समासात 'जुना शब्द' अशी नोंद करावी. सुचविणे सोपे, साठ वह्यांवर तसे करणे कठीण, हे मी जाणतो. निदान पहिल्या खेपेस तरी करावे.

चौथीच्या वर्गात एक लहानसा पाठ घेता येईल. फळ्यावर दोन वाक्ये लिहावीत : 'रमाने पाटी पुसली' आणि 'रमाने वाट पुसली'. क्रियापद तेच असता अर्थ कशाने बदलला, हे मुलांनाच शोधू द्यावे. कर्मापाशी ती आपोआप येतात. नंतर घरी जाऊन वडीलधाऱ्या माणसांकडून असे दोन-दोन शब्द आणावयास सांगावे, जे पुस्तकात नाहीत. दुसऱ्या दिवशी ते फळ्याच्या एका कडेला लिहावेत आणि आठवडाभर पुसू नयेत.