सर्व्हर बदलण्याआधी जाहिराती बंद करून बघा

मुळशी तालुक्यातल्या चांद्यात मी राहतो आणि वेबसाइट दुरुस्तीची कामं घेतो. हिंजवडीचं आयटी पार्क जवळ असलं, तरी माझ्याकडे येतात ते छोटे लोक: कुणी गावाकडच्या बातम्यांचं पोर्टल चालवतं, कुणी बाजारभाव देतं. साइट हँग होते, ही सगळ्यांची तक्रार. उपायही त्यांनी घरूनच ठरवून आणलेला असतो, मोठा सर्व्हर.

एका पोर्टलच्या संपादकांचा तो घेऊनही झाला होता. बिल वाढलं, साइट जिथल्या तिथे. ऑफिसच्या फायबरवर त्यांना ती बरी दिसायची. मी आईचा जुना अँड्रॉइड फोन त्यांच्या हातात दिला, वायफाय बंद केलं. रेंजच्या दोनच काड्या. म्हटलं, "उघडा आता, साहेब."

बराच वेळ पांढरा पडदा. मग मथळा दिसला. ते बोट टेकवणार, तोच वर जाहिरात उगवली, सगळं खाली सरकलं आणि बोट पडलं कर्जाच्या जाहिरातीवर.

"हे आमचंच पोर्टल?"

फोन केबलने लॅपटॉपला जोडला आणि क्रोमचा 'नेटवर्क' टॅब उघडला. सर्व्हरने आपलं काम केव्हाच उरकलं होतं. खालची लांबलचक यादी परक्या डोमेनची होती. जाहिरात एजन्सीने "फक्त एक ओळ टाका" म्हणून कोड दिलेला. ती ओळ एक स्क्रिप्ट आणते, ती जागेचा लिलाव करणारी दुसरी आणते, दुसरी मोजदाद करणारी तिसरी. बोली लावणाऱ्या कंपन्यांना विचारणा होते तीही वाचकाच्याच ब्राउझरमधून, त्याच्या डेटा पॅकवर. ब्राउझरचा मुख्य थ्रेड एका वेळी एकच काम करतो. एखादं काम 50 मिलिसेकंदांपेक्षा लांबलं की ते 'लाँग टास्क', आणि तोवर टॅपला उत्तर नाही.

खरा घोळ वेगळाच निघाला. धंदा गुंडाळलेल्या एका नेटवर्कचा कोड अजून पानाच्या हेडमध्ये होता, तोही अ‍ॅसिंक नसलेला, म्हणजे तो येईपर्यंत पुढचं पान थांबवून ठेवणारा. पलीकडून उत्तर येत नव्हतं आणि पान त्याची वाट पाहत उभं होतं. जाहिरातींचे डोमेन त्याच टॅबमधून ब्लॉक केले. बातमी लगेच समोर आली. मोठ्या सर्व्हरचं नाव संपादकांनी पुन्हा काढलं नाही.

हे दुखणं मोठ्यांनाही आहे. 2018 मध्ये युरोपचा खासगी माहितीविषयीचा कायदा लागू झाला, तेव्हा 'यूएसए टुडे'ने तिकडच्या वाचकांसाठी जाहिराती आणि ट्रॅकर वगळलेली आवृत्ती ठेवली, सुमारे 5.2 एमबीचं पान 500 केबीच्या आसपास आलं. 2020 पासून तर क्रोमच अती जड जाहिराती उतरवतो: वाचकाने हातही न लावलेली जाहिरात 4 एमबीपेक्षा जास्त डेटा किंवा एकूण 60 सेकंदांपेक्षा जास्त प्रोसेसर खात असेल, तर तिची गच्छंती.

जाहिराती काढून टाका, असं मी कुणालाच सांगत नाही. छोट्या पोर्टलचं पोट त्यावरच आहे. पण जाहिरातीची स्क्रिप्ट अ‍ॅसिंकच हवी. जाहिरातीच्या चौकटीची उंची आधीच राखून ठेवा, म्हणजे मजकूर उड्या मारणार नाही. पानाच्या तळाच्या जाहिराती वाचक तिथवर पोचत आला की मागवा. निम्मे लोक तिथे जातच नाहीत, असा माझा अंदाज. आणि एक वही ठेवा: कोणता कोड, कुणी टाकला, कधी टाकला, महिन्याला त्याचे किती मिळतात. या पोर्टलची अशी वही केली तेव्हा काही नेटवर्कची महिन्याची कमाई ऑफिसच्या चहाच्या बिलालाही पुरत नव्हती. ती नेटवर्क त्याच दिवशी गेली.

एजन्सीचा माणूस "आमचा कोड एकदम हलका" म्हणणारच. त्याला विचारा, ही ओळ आणखी कुणाकुणाला बोलावते? तुमचा सर्व्हर बंद पडला तर आमचं पान अडेल का? उत्तर लेखी मागा. लिहून द्यायला तो कां-कू करत असेल, तर तो कोड घेऊ नका.