पाला उदंड, मुळा मात्र करंगळीएवढा

प्रश्न : परसातील वाफ्यात कार्तिकात मुळा पेरला. पाला भरघोस आला, परंतु कंद बारीक व फाटे फुटलेले निघाले. शेणखत तर सढळ हाताने घातले होते.

उत्तर : आपल्या प्रश्नाच्या अखेरच्या वाक्यातच बहुधा या दोषाचे मूळ आहे, कारण न कुजलेल्या ताज्या शेणखतातील नत्राने पाला माजतो, आणि त्यातील ढेकळांना अथवा खड्यांना अडून सोटमूळ दुभंगते. खत पेरणीपूर्वी चांगले मुरलेले असावे आणि जमीन वीतभर खोल खणून भुसभुशीत करावी. दुसरे कारण दाटीचे. उगवण झाल्यावर आठवडा-दहा दिवसांत विरळणी करून दोन रोपांत ८ ते १० सेंटिमीटर अंतर राखणे अनिवार्य आहे. कोवळ्या रोपांची माया वाटून अनेकजण येथेच कचरतात, वस्तुतः उपटलेल्या रोपांचीही उत्तम भाजी होते. रोपे मात्र दुसरीकडे लावू नयेत, कारण स्थलांतरात सोटमूळ दुखावते. वाफ्यावर सावली असेल तरीही कंद पोसत नाही.

थंडीत 'जपानीज व्हाइट' आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात 'पुसा चेतकी' हे वाण पेरावेत. पाण्यात खंड पडल्यास मुळा तिखट होतो, काढणी लांबल्यास जून व पोकळ. तथापि दोन-चार झाडे हेतुतः फुलू द्यावीत. त्यांच्या कोवळ्या शेंगांची, म्हणजे डिंगऱ्यांची, भाजी अवश्य करून पाहावी.