बालकांचे दंतवैवर्ण्य : मंजनापूर्वी पाण्याची चौकशी

सात-आठ वर्षांच्या बालकाला घेऊन आलेली माता सांगते की, दुधाचे दात स्वच्छ होते. नवे दात मात्र डागाळलेलेच उगवले. अशा वेळी एखादे मंजन देणे सोपे असते. परंतु दोष पिण्याच्या पाण्यात असल्यास मंजनाने डाग जात नाहीत आणि घरातील धाकट्या भावंडाच्या दातांचीही तीच गत होते.

हेतू : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड मर्यादेपेक्षा अधिक आढळले आहे. खडकांतील खनिजांतून ते पाण्यात उतरते. म्हणून विंधनविहिरीच्या पाण्याविषयी विशेष सावध असावे. भारतीय मानकानुसार ग्राह्य मर्यादा प्रतिलिटर १ मि.ग्रॅ. असून, पर्यायी स्रोत नसल्यास ती १.५ मि.ग्रॅ. आहे. कायमच्या दातांचे कवच साधारण आठव्या वर्षापर्यंत हिरडीच्या आतच घडत असते. त्या काळात पोटात गेलेल्या अधिक फ्लोराइडचा परिणाम दात उगवल्यावर दिसतो.

सापेक्ष निदान : फ्लोराइडचे डाग बहुधा दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे, खडूसारखे पांढरे वा पिवळे-तपकिरी, आडव्या रेषांत असतात व खरवडून निघत नाहीत. दंतक्षयात हिरडीलगत वा दाढेच्या खाचेत मऊ खड्डा पडतो, अन्न अडकते, गोड वा थंड पदार्थाने ठणका लागतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील कृमिदंताचे वर्णन याच्याशी बरेच जुळते. मात्र केवळ रंगसाम्यावरून फ्लोराइडच्या डागांना श्यावदंतक म्हणणे योग्य नव्हे. तेथे रक्तमिश्रित पित्त हा हेतू सांगितला आहे.

एकाच मुलात दोन्ही विकार असू शकतात. साखरयुक्त शीतपेयाच्या २०० मि.लि. बाटलीत सुमारे २० ग्रॅम, म्हणजे चार-पाच चमचे साखर असते. शिवाय पेयाची आम्लताही दंतकवच झिजवते. दिवसभर घोट घोट पिणे अधिक घातक.

उपक्रम : निदानपरिवर्जन हीच येथे प्रथम चिकित्सा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते. तपासलेली उथळ विहीर वा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी हा पर्याय ठरू शकतो. नागपूरच्या ‘नीरी’ने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी व चुना वापरतात; परंतु त्यांची मात्रा पाणी तपासूनच ठरते, घरी अंदाजाने तुरटी टाकू नये.

सुश्रुतांनी दंतधावनासाठी श्रेष्ठ मानलेले निंब, खदिर, मधूक व करंज हे चारही वृक्ष आपल्या परिसरात आहेत. त्यांची कोवळी काडी दात स्वच्छ ठेवते; पण कवचातील डाग घालवत नाही, हे पालकांस स्पष्ट सांगावे. फ्लोराइडयुक्त पेस्ट वापरल्यास तीन ते सहा वर्षांच्या बालकास वाटाण्याएवढीच द्यावी व थुंकण्यास शिकवावे. खड्डा पडलेला दात दंतवैद्याकडेच पाठवावा.

औषधनिर्माते व विक्रेत्यांसाठी : बालकांसाठीची आपली अनेक सिरपे व अवलेहही शर्करायुक्तच असतात. ती झोपताना दिल्यास साखर रात्रभर दातांवर राहते. तेव्हा ‘औषधानंतर चूळ भरावी’ ही सूचना वेष्टनावर छापावी व तोंडीही द्यावी. ‘सर्व डाग घालवणारे’ म्हणून मंजन विकू नये.

डाग घेऊन आलेल्या मुलाच्या दातांचे कवच घडून गेलेले असते. त्याच्या पाठच्या भावंडाचे अजून घडत असते. म्हणून ‘घरी पाणी कोठले?’ हा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर असावा.