चुन्याची निवळी आणि कोंबडीचे अंडे

अंडे ही सर्व बाजूंनी बंद असलेली वस्तू आहे, असा आपला समज असतो. वास्तविक त्याच्या कवचाला ७,००० ते १७,००० सूक्ष्म छिद्रे असतात. पिलाला श्वास घेता यावा म्हणून निसर्गाने केलेली ही सोय साठवणाऱ्याच्या मुळावर येते. छिद्रांतून आतले पाणी वाफ होऊन जाते व रुंद टोकाकडील हवेची पोकळी वाढते. कार्बन डाय-ऑक्साइडही निसटतो. त्यामुळे पांढऱ्या बलकाचा सामू ७.६ च्या आसपास असतो तो ९ च्या वर जातो आणि बलक पाण्यासारखा पसरतो.

हा विषय कला शाखेच्या अंकात कशाला, असे कोणी विचारील. आमच्याकडे बाजार आठवड्यातून एकदाच भरतो. आई सात दिवस अंडी साठवते आणि त्या पैशांत माझ्या वह्या येतात. उन्हाळ्यात त्यांतली काही फुकट जातात. म्हणून मला हा प्रश्न अर्थशास्त्राचाच वाटतो.

कोंबडी अंडे घालते तेव्हाच त्यावर एक पातळ ओले आवरण असते. ते वाळून छिद्रांची तोंडे झाकते. अंडी खसाखसा धुतली की हे आवरण जाते. शिवाय थंड पाण्याने आतला भाग आकसतो आणि बाहेरचे पाणी जंतूंसकट आत ओढले जाते.

निसर्गाच्या या आवरणाला माणसाने जोड दिली. जुना उपाय चुन्याच्या निवळीचा. शाळेत आपण निवळीत फुंकर मारून ती दुधाळ केली आहे. तीच क्रिया येथे घडते. अंड्यातून येणारा वायू चुन्याशी संयोग पावतो आणि तयार झालेला खडू छिद्रांत बसतो. दोन्ही महायुद्धांच्या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी अंडी सोडियम सिलिकेटच्या द्रावणात बुडवून महिनेच्या महिने ठेवीत. असे अंडे उकडताना आधी टाचणीने टोचावे लागे, नाहीतर आतल्या हवेला वाट न मिळून ते फुटे!

पुढे खनिज तेलाचा लेप आला. हे तेल खाद्य दर्जाचे, बिनवासाचे हवे. यंत्राचे वंगण चालणार नाही. आपले गोडेतेल कालांतराने खवट होते. लेप पहिल्याच दिवशी द्यावा, कारण वायू सुरुवातीलाच झपाट्याने जातो. अलीकडे कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून मिळणाऱ्या कायटोसानच्या लेपांवरही संशोधन झाले आहे.

परंतु लेप म्हणजे जादू नव्हे. आत शिरलेले जंतू त्याने मरत नाहीत आणि तडकलेले अंडे सांधत नाही. आमच्या उन्हाळ्यात तर खरा शत्रू निराळाच आहे. कोंबड्यांत कोंबडा असला की अंडी फलित होतात आणि उष्म्याने आतला जीव वाढू लागतो. तेव्हा खाण्याची अंडी हवी असतील तर कोंबडा वेगळा ठेवणे हा बिनखर्ची उपाय मला आधी करण्यासारखा वाटतो.

गिऱ्हाइकाच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. जुने अंडे पाण्यात उभे राहते वा तरंगते, ही आपली नेहमीची परीक्षा हवेच्या पोकळीवर चालते. लेपाने पोकळी फारशी वाढत नाही, म्हणून जुने अंडेही तळाशी आडवे पडून राहू शकते. विकणाऱ्याने लेपाची गोष्ट आणि अंड्याचा दिवस सांगूनच पैसे घ्यावेत.

खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी मात्र लेपापासून दूरच ठेवावीत. छिद्रे बुजली की आतले पिलू गुदमरते.